दुपारी दोन ते चार कोण असतं? डोंबिवलीतल्या एका पाळणाघराचा रिव्ह्यू

लांबलचक रिव्ह्यू आहे, आधीच सांगते. ज्यांना फक्त फी आणि टायमिंग हवंय त्यांच्यासाठी: महिना ६,५०० रुपये, सकाळी ८:३० ते संध्याकाळी ७:३०, उशीर झाला की दर १५ मिनिटांना ५० रुपये आणि ते घेतातच, लोकल लेट होती वगैरे चालत नाही. डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून चालत १२ मिनिटं, तळमजला. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे घरच्या गोष्टी येणारेत आणि आमच्याकडे कोण कुणाचं कोण निघेल सांगता येत नाही.

मुलगी साडेतीन वर्षांची, घरात चिऊ म्हणतो. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा पाळणाघर शोधायची वेळ आली. ऑफिसात सोय नाही का असं विचारू नका, ५० किंवा जास्त माणसं असली की पाळणाघराची सोय द्यायची असा कायदा २०१७ मध्ये झालाय, आमच्याकडे २०० माणसं आहेत आणि पाळणाघराच्या खोलीत बंद पडलेले प्रिंटर ठेवलेत. असो.

चार ठिकाणं बघितली. चारही ठिकाणी माझा पहिला प्रश्न एकच, दुपारी दोन ते चार इथे कोण असतं? बाकीचे आईबाप वरणभातात तूप घालता का विचारतात, मी हे विचारते म्हणून समोरच्या बायका जरा विचित्र बघायच्या.

तर ते का ते सांगून टाकते म्हणजे पुढचं कळेल. माझ्या बाबतीत जे झालं ते दुपारी झालं. मी सात वर्षांची, मे महिन्याची सुट्टी, आजोळ. जेवणं झाली की सगळं घर पंख्याखाली आडवं व्हायचं आणि आईचा मावसभाऊ, आम्ही त्याला मामाच म्हणायचो, मला माळ्यावर आंब्याची आढी दाखवायला न्यायचा. पुढचं लिहीत नाही. ‘ही आपली गंमत, कुणाला सांगायची नाही’ हे त्याचं वाक्य मात्र अजून त्याच्याच आवाजात ऐकू येतं. अशा दोन सुट्ट्या गेल्या. अकराव्या वर्षी आईला सांगितलं तर तिने आधी एक कानाखाली दिली आणि मग स्वतःच ओट्याला टेकून रडत बसली, त्यानंतर आजपर्यंत आमच्या घरात तो विषय निघालेला नाही. आता मी ३४ वर्षांची आहे, पेंढ्यात पिकणाऱ्या आंब्याचा वास आला की मानेवर घाम येतो, आतून कडी घातलेल्या खोलीत झोप लागत नाही. लोकांचा हापूसचा सीझन सुरू होतो तेव्हा माझा वाईट सीझन सुरू होतो. नवऱ्याला लग्नानंतर चार वर्षांनी सांगितलं, सासरी माहीत नाही.

पहिलं पाळणाघर एकदम भारी. रंगीत भिंती, एसी, मोबाइलवर अॅप, १६ कॅमेरे, ऑफिसमध्ये बसून लाइव्ह बघा. मॅडम मला अॅपच दाखवत होत्या. मी म्हटलं टॉयलेटला कोण नेतं, तर म्हणाल्या मदतनीस असतात ना. बायका की पुरुष? ‘मिक्स स्टाफ आहे, सगळे घरच्यासारखे.’ कधीपासून आहेत? एक दादा गेल्या आठवड्यात लागले. आता कॅमेरा टॉयलेटमध्ये असू शकत नाही आणि असूही नये, म्हणजे १६ कॅमेरे जिथे गरज कमी तिथे सगळे. बदलापूरचं आठवत असेल सगळ्यांना, ऑगस्ट २०२४, शाळेतच शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार, आरोपी सफाई कामगार १ तारखेला कंत्राटावर लागलेला आणि पंधरवडाही उलटला नव्हता. कॅमेऱ्यांचं काय झालं, फुटेज कुठाय यावरच नंतर केवढी चर्चा. २०१६ ला खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारलं ते कॅमेऱ्यात आलं, हो आलं, पण बघितलं कधी, तर बाळ जखमी झाल्यावर. कॅमेरा नको असं म्हणत नाहीये, चोर सापडतो त्याने, पण चोरी व्हायची राहत नाही.

दुसरं आमच्याच मागच्या बिल्डिंगमध्ये, घरगुती. वहिनी खरंच प्रेमळ, पण मुलं बेडरूममध्ये झोपवतात आणि दार लोटून घेतात, एसीची हवा जाते म्हणून. दुपारी घरात अजून कोण असतं विचारलं तर कोण कधी येईल त्याचा नेम नाही, ‘येणारे सगळे ओळखीचेच हो’. कुणावर आरोप नाही माझा, माणसं चांगलीच असतील. पण मी जिना उतरताना कठडा घट्ट धरून उतरले हे खरं.

तिसऱ्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या जेवली नाही तर आम्ही बागुलबुवाच्या खोलीत दोन मिनिटं ठेवतो, मग बरोब्बर जेवतात. हसत हसत सांगितलं हो. मी पर्स उचलली.

या तिन्ही ठिकाणी माझा दुसरा प्रश्न होता, समजा असं काही झालंच, तर तुम्ही काय कराल? तिन्हीकडून शब्दाला शब्द तेच उत्तर. ‘आमच्याकडे असं काही होतच नाही.’ अहो पण झालं तर? ‘नाही नाही, होतच नाही.’

चौथं म्हणजे हे. काकू बालवाडीच्या रिटायर्ड बाई, चष्मा दोरीला, गाऊनवर ओढणी, बोलणं थोडं तोडून. प्रश्न ऐकला आणि उठून कपाटातून एक फुलस्केप वही काढली. म्हणाल्या वाचा. पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवलंय. मूल काही बोललं तर त्याच्यावर प्रश्नांची सरबत्ती नाही, जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, ‘शू ची जागा’ म्हणालं तर तेच लिहायचं. ‘सांगितलंस ते छान केलंस, तुझी चूक नाही’ एवढंच म्हणायचं. धुवायचं नाही, कपडे बदलायचे नाहीत. आपण आपसात शहानिशा करत बसायचं नाही, ज्याच्यावर बोट आहे त्याला बोलावून विचारायचं नाही. आईवडिलांना फोन, आणि पोलीस किंवा १०९८, म्हणजे मुलांची हेल्पलाइन. आणि खाली लाल पेनाने, ‘बदनामीचा विचार करायचा नाही’.

मी बघतच बसले. काकू म्हणाल्या, पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, नुसती शंका असली तरी कळवायची जबाबदारी कुणाचीही, शेजाऱ्याचीसुद्धा, नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि संस्था चालवणाऱ्याने आपल्या माणसाचं झाकलं तर वर्षभरापर्यंत. चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढे चुकीचं निघालं तर कळवणाऱ्यावर काही येत नाही. पोराचा जबाब घरी येऊन घेता येतो, शक्यतो बाई ऑफिसर, वर्दीत यायचं नाही. हे मला सगळं त्या वहीवरून कळलं. माझ्या आईला त्या वेळी एवढं सांगणारं कुणी असतं तर, जाऊदे.

दुपारी दोन ते चार? हॉलमध्ये ओळीने गाद्या, दार उघडं, दोन ताया जाग्या, एकीने चहा करायला जायचं तर दुसरी हलत नाही. कुणीही एकटं मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड नाही, काकूसुद्धा नाहीत. टॉयलेटचं दार मुद्दाम अर्धं कापलेलं आहे, मूल दिसत नाही पण बाईचं डोकं आणि पाय दिसतात. सुताराने वेड्यात काढलं म्हणे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, पाण्याचे जार, सगळं साडेसातनंतर. चौघींची पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रं फाइलला लावलेली, मी मागितली नव्हती, दाखवली.

मुलांना शिकवतात काय तर आमच्या आजीला धक्का बसेल असं काही नाही. चड्डीच्या आतली जागा तुझी, डॉक्टर बघणार तर आई किंवा बाबा शेजारी हवेत. गुड टच बॅड टच हे शब्द काकूंना आवडत नाहीत, म्हणतात लहान पोराला गुदगुल्या केल्या तर ते हसतंच, त्याला वाईट वाटतच नाही मग त्याने ओळखायचं कसं, वर नंतर हसल्याचीच लाज वाटत बसते. (हे ऐकताना मी खिडकीबाहेर बघत होते.) त्यापेक्षा सरळ नियम. त्यातला एक नियम आमच्या घरात गाजला. ‘सरप्राइज चालतं, गुपित चालत नाही.’ नवऱ्याने एका रविवारी तिला गुपचूप कुल्फी दिली आणि आईला सांगू नको म्हणाला, तर ही पोरगी तोंड पांढरं घेऊन तशीच किचनमध्ये आली आणि ‘बाबा गुपित करतोय!’ म्हणून ओरडली. नवरा हातात काडी घेऊन दारात उभा. हसून हसून पुरेवाट झाली, रात्री मात्र मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले होते.

पापी दे, मिठी मार असली जबरदस्ती इथे नाही. निघताना टाटा, टाळी, नाहीतर नमस्कार, काय हवं ते मूल ठरवतं. सासूबाईंना हे अजिबात पटलेलं नाही, आत्याला पापी दिली नाही म्हणून गणपतीत बोलणं झालं.

आता पिकअपचा किस्सा. चार माणसांचे फोटो द्यावे लागतात, त्यांच्याशिवाय मूल कुणाच्या हातात देत नाहीत. एका संध्याकाळी माझी मीटिंग लांबली, नवरा पुण्याला, मी फास्ट पकडली आणि नवऱ्याने परस्पर त्याच्या भावाला फोन केला की चिऊला घेऊन ये. दीराचा फोटो नव्हता. काकूंनी दारात खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं बसा, आईशी बोलणं होईपर्यंत देणार नाही. माझा फोन नेमका रेंजबाहेर, मग रेंज आल्यावर बॅटरी गेली, धन्य. दीर ४० मिनिटं बसला, चिऊ आतून ‘काका काका’ करतेय तरी नाही. घरी जो तमाशा झाला! ‘घरच्या माणसावर संशय?’ सासूबाई वॉकर धरून उभ्या राहून बोलल्या. नवराही तापला, म्हणाला पाळणाघर बदलू. मी एरवी या घरात आवाज चढवत नाही, त्या दिवशी म्हटलं की घरच्या माणसावरच घ्यायचा असतो. सगळे गप्प. नवऱ्याला कळलं मी कशाबद्दल बोलतेय, बाकीच्यांना नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः भावाचा फोटो देऊन आला. दीर महिनाभर आमच्याकडे जेवला नाही.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पालकांची मीटिंग असते, बाबा लोकांनाही यावं लागतं, नुसत्या आया चालत नाहीत. एकदा एक बाबा म्हणाले आम्हाला मुलगा आहे, आम्हाला तसं टेन्शन नाही. काकूंनी चष्मा चढवला. २००७ मध्ये केंद्र सरकारनेच अभ्यास केलेला, १३ राज्यं, १२,४४७ मुलं, त्यात ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं आणि त्या सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. निम्म्याच्या आसपास करणारे ओळखीतले, विश्वासातले. बाबा मग चहा पीत बसले. मीटिंगचा चहा पाणचट असतो, एक स्टार त्याचा कापायला हवा.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल ही बाई नुसती कौतुक करतेय. आता जे लिहिणारे ते लिहू की नको म्हणून हा रिव्ह्यू तीन आठवडे ड्राफ्टमध्ये पडला होता.

जूनमधली सोमवारची सकाळ. धो धो पाऊस, चिऊला रेनकोट घालायचा नव्हता, नेहमीची लोकल चुकणार होती, आणि मी तिचा दंड धरून तिला जमिनीवरून जवळजवळ उचलून गदागदा हलवलं. तोंडातून जे निघालं ते माझं नव्हतंच, आईचं होतं, ‘परत बोललीस तर बघ’. चिऊ एकदम गप्प झाली. रडली नाही, ते जास्त वाईट. आम्ही रिक्षाने गेलो, मी तिला बिस्किटाचा पुडा दिला आणि सोडलं.

ताईने रेनकोट काढला आणि काकूंना हाक मारली. मी अजून दारातच छत्री झटकत होते. काकूंनी मला आत बोलावलं, ताई शेजारी उभी, आणि एकदम साध्या आवाजात विचारलं, ‘हे कसं झालं?’ डाव्या दंडावर चार बोटं. लाल, एकाखाली एक, मोजता येतील अशी.

माझ्या डोक्यात पहिलं काय आलं सांगू, खोटं बोलायचं. पडली म्हणायचं. चार ठिकाणी जाऊन लोकांना प्रश्न विचारणारी मी, मीच. दुसरं आलं ते, या कोण मला विचारणाऱ्या, पैसे देते मी यांना. मग सांगितलं, मी धरलं.

काकू ओरडल्या नाहीत आणि ‘होतं हो असं, आईच आहे शेवटी’ असंही म्हणाल्या नाहीत. वही काढली. माझ्यासमोर लिहिलं, मला वाचायला दिलं, सही घेतली. म्हणाल्या पुढच्या वेळी हाच प्रकार दिसला तर मी तुम्हाला विचारत बसणार नाही, १०९८ ला फोन करीन, हे आत्ताच सांगून ठेवते. आणि मग बसा म्हणाल्या, त्या दिवशी चहा मात्र घट्ट होता, आणि एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. मी ऑफिसला हाफ डे टाकला आणि स्टेशनच्या बाकावर दीड तास बसून राहिले, तीन लोकल सोडल्या.

दोन आठवडे राग होता मला, खोटं कशाला बोलू. दुसरं पाळणाघरही बघून आले. मग एका रात्री लक्षात आलं की माझ्या आजोळी त्या दुपारी, किंवा माझ्या शाळेत, दोन वर्षांत एका तरी माणसाने माझ्याकडे बघून ‘हे कसं झालं’ विचारलं असतं तर. वळ नव्हते हो माझ्या अंगावर, पण मी वर्गात चड्डी ओली करायला लागले होते, दुसरीतली मुलगी, आणि बाईंनी मला बाकावर उभं केलं होतं.

समुपदेशक बाईंकडे आता नऊ सेशन झाली. ८०० रुपये घेतात, तासाला. त्यांच्याकडून कळलं की अमेरिकेत १९९० च्या दशकात १७ हजारांवर माणसांचा अभ्यास झालेला, सुरुवात म्हणे वजन कमी करायच्या क्लिनिकमधून झाली, वजन छान उतरत असलेली माणसंच मध्येच सोडून जात होती म्हणून डॉक्टरने खोदून विचारलं तर कितीजणांच्या लहानपणी अत्याचार निघाला. लहानपणी मारहाण, अत्याचार, घरातली दारू असे जितके प्रकार वाट्याला आले तितकी पुढे डिप्रेशनची, व्यसनाची, अगदी हृदयविकाराचीही शक्यता वाढत जाते. मी विचारलं आणि पोरांना मारायची? बाई म्हणाल्या शक्यता वाढते, ठरलेलं नसतं, बहुतेक जण नाही मारत, आणि तुम्ही नवव्या मिनिटाला खरं बोललात. नववं मिनिट कारण मी मोजून सांगितलं होतं, सोडलं ९:०१ ला, विचारलं ९:१० ला. मला असलं सगळं वेळेसकट लक्षात राहतं, तेही त्यातलंच आहे म्हणे.

चिऊची मी माफी मागितली. ती म्हणाली ‘काकूंनी वहीत लिहिलं’, आणि पझल लावायला लागली.

तक्रारी आहेतच. जागा लहान, १८ मुलांना जेमतेम. शुक्रवारी दुपारी कार्टून लावतात, नको लावायला. उसळीत गूळ फार. पावसात चपला बाहेर भिजतात, एक रॅक टाका हो काकू, किती वेळा सांगितलं. आणि वर्षाच्या मध्यात जागा मिळत नाही, मार्चमध्येच विचारा. दिवाळीत नऊ दिवस बंद.

जाल तेव्हा वही मागा, देतात. माझं पान २४ जूनचं आहे. ‘स. ९:१०. डाव्या दंडावर चार बोटांचे वळ. आईने स्वतः सांगितले.’ खाली माझी सही, थोडी वाकडी आलीय, पेन ओलं झालं होतं.